लिंबांवर उभी केलेली बेसची पेटी

"आरं धरा तिला, पेटी निघाली!" नवरदेवाचा मामा ओरडत होता, आणि धरायचं सोडून स्वतःच खुर्चीवर चढला होता. येरमाळ्याच्या अलीकडं एका मंगल कार्यालयाच्या अंगणात आमची बेसची पेटी वऱ्हाडातून वाट काढत चालली होती. मारुतीला जाऊन आलेला नवरदेव अजून घोड्यावरच होता. घोड्यानं बाजूला सरून पेटीला वाट दिली. एवढा मान त्यानं पाठीवरच्या नवरदेवालाही दिला नव्हता.

ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे. गाण्याचे ठोके वाजवणारा स्पीकर, आत माणूस झोपला तर कूस बदलायला जागा उरेल एवढा, आणि वजनाला गाभण म्हैस. साउंडचा धंदा माझा आणि थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा. ती पेटी उचलून उचलून दादांचा मणका असा सरकला, की ते येरमाळ्यात असले तर त्यांची कंबर भूम गावाला असायची. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "अजून एकदा जरी उचलावी लागली, तर सगळा सेट इकून टाकीन." सेट गेला असता तर मी काय केलं असतं? मला आवाज करण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

म्हणून भंगारातून चार फिरती चाकं आणली आणि पेटीच्या बुडाला नट-बोल्टनं आवळली. एका बोटानं ढकललं की म्हैस अंगणभर हिंडायला लागली. वहिनींनी ते बघितलं आणि अडवलं. "चाकं लागली म्हंजी गाडी झाली. लिंबं ठिवल्याबिगर कामावर न्यायची न्हाय." नवी गाडी लिंबांवरूनच पुढं काढायची, ही आमच्याकडची रीतच. त्यांनी चार लिंबं बांधून दिली.

कार्यालयात पोचल्यावर मी ती चाकांपुढं दाबून बसवली. पेटी जागची हलेना.

"चाकाला वीट लावली का?" दादांनी विचारलं.

"लिंबं हायत की. पूजा बी झाली आन् ब्रेक बी."

गाणं लागलं आणि मला भलताच प्रश्न पडला. लिंबू किती ठोके सोसत असेल? वऱ्हाड नाचत होतं आणि मी फरशीवर पालथा पडून चाकाखाली बघत होतो. ठोक्यागणिक एकेक थेंब उडत होता. उजवीकडचं लिंबू लई चिवट, डावीकडचं पहिल्या कडव्यातच चपटं झालं. तेवढ्यात एक थेंब माझ्या डोळ्यात आला. डोळा चोळून बघतो, तर सालं फरशीला चिकटलेली आणि पेटी गायब.

अंगणाला फाटकाकडं उतार होता. पेटीनं वायर उपटली, गाणं बंद पडलं, आणि नुसती चाकांची किरकिर ऐकू येत राहिली. फाटकाबाहेर आमचा टेम्पो उभा होता, माल चढवायची फळी तशीच खाली टाकलेली. खोटं वाटेल, पण पेटी त्या फळीवर दोन हात चढली, जरा विचार केला, मागं आली आणि फळीच्या तोंडाशी गुमान उभी राहिली.

मामा काही खुर्चीवरून उतरेना. मी भीत भीत दादांना विचारलं, "मग, सेट इकायचा का दादा?"

दादा कंबरेवर हात ठेवून पेटीकडं बघत होते.

"कशाला? टेम्पोपर्यंत गेली की आपली आपण."