नथीच्या डबीवरचा ठसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण आधी दादाबद्दल बोलू द्या. त्याच्याबद्दल बोलताना मला धीर येतो.

दादा हैदराबादच्या पोलिसात बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखायचा. कोर्टात तो साक्षीला उभा राहिला की वकीलही जपून बोलत, असं बाबा जुन्या जालन्यातल्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. जर्मनीशी लढाई सुरू झाली, तशी त्यानं हवाई दलात जायचं ठरवलं. निघण्याआधी घरी आला — आणि नेमकी तेव्हाच आईची मोत्यांची नथ नाहीशी झाली.

आळ आला गयाबाईवर. ती आमची भांडी घासायची, आणि नथीची पितळी डबी सकाळीच तिनं चिंच लावून लख्ख केली होती. एवढंच. आई ओट्यावर उभी राहून, गल्ली ऐकत असताना, तिला चोर म्हणाली. मी दाराआड होते. एक शब्द बोलले असते तर? नाही बोलले.

दादानं डबी उन्हात नेली, झाकणावर पूड भुरभुरली, हलकेच झटकली. मग गयाबाईचा हात धरून सगळ्यांना दाखवला. राखेनं भांडी घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. झाकणावरच्या ठशाची मात्र रेघन् रेघ कोरीव होती.

“हा हिचा न्हाई, आई,” दादा म्हणाला. “हे बोट राखेला कधी लागलंच न्हाई.”

काय सांगू तुम्हाला! गयाबाई ओट्याची पायरी चढली. अंगणाच्या पुढं पाऊल टाकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. “चोर म्हणल्या तेवढ्याच जोरानं आता साव म्हणा, बाई,” ती म्हणाली. आणि आई म्हणाली — बराबर तेवढ्याच जोरानं. बायका हसल्या, कुणीतरी गयाबाईच्या पाठीवर थाप मारली. पदर सारखा करून ती गल्लीतून अशी गेली, की जणू गल्लीच तिची. आजही ते आठवलं की माझा ऊर भरून येतो. मला तो हक्क आहे का?

मग कुणीतरी विचारलं, ठसा कुणाचा? दादानं माझ्या हातांकडे पाहिलं.

“माझा,” तो म्हणाला. “माझ्या हातून मोडली. विहिरीत टाकली.”

आरशासमोर ती नथ मी घातली होती. मी मोडली. विहिरीत मी टाकली.

विमान चालवायला शिकतानाच अपघातात दादा गेला. सांत्वनाला आलेले वकील म्हणाले, त्याची साक्ष एकदाही खोटी ठरली नाही. आईनं मान ताठ केली. “खोटं कधी बोललाच न्हाई माझा लेक.”

एकदा बोलला होता. तो निघाला त्या सकाळी नथीच्या रागात आई त्याला निरोप द्यायला बाहेर आली नाही. मी आले होते — आणि मी हसून हात हलवला.