मावशीच्या शेजारची जागा

स्मशान बघायला सुरतेला निघालेय म्हटल्यावर रेल्वेतल्या शेजारीणबाईंनी चिवड्याचा डबा हळूच मिटला. मी धंद्यानं वास्तुरचनाकार, धुळ्याजवळच्या आमच्या गावचं नवं स्मशान आखतेय आणि तापीकाठचं एक बागेतलं स्मशान मला पाहायचंय, एवढं सांगेपर्यंत बाई खिडकीकडे तोंड करून झोपल्यासुद्धा!

बारडोलीचा ऊस मागे पडला आणि दुपारी सुरतेच्या भेस्तान भागात मावशीकडे पोचले. काकांना जाऊन वर्ष झालंय. आमच्याकडे बायका विसाव्यापर्यंत (वाटेत तिरडी टेकवतात तिथवर) जातात आणि माघारी फिरतात. इथे शववाहिनी दारात आली नि थेट गेली. मावशीला विसावाही मिळाला नाही. नवऱ्याला कुठे नेलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं. मुलगा म्हणे, "बायकांचं काय काम तिथे?"

मला बघायचं होतं त्याच स्मशानात काकांना नेलेलं; मी आले आणि मावशीला निमित्त सापडलं. "साड्या बघाले जातो रे," तिनं मुलाला ठोकून दिलं आणि मला डोळा मारला.

वाटेत रिक्षा थांबवून तिनं लोचो (हरभरा डाळीचा वाफवलेला सुरती पदार्थ) बांधून घेतला.

"अगं, स्मशानात खाणं?"

"तुझ्या काकाले रविवारी हेच लागे. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

फाटकाशी मात्र तिची सगळी ऐट उतरली. माझं मनगट तिनं इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग गुलमोहराखालच्या बाकावर एका कडेला सरकून बसली, शेजारी पुडी उघडली आणि चितांकडे बघत म्हणाली, "आठे शेतस का तुम्ही! (इथे आहात होय!) सांगायचं तरी!" आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडली.

पहारेकरी धावला. "बा, अहीं नास्तो ना थाय." (आजी, इथे नाश्ता चालत नाही.)

"मारा माटे नथी, एमना माटे छे," (माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी आहे) मावशीनं रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. बिचारा त्या जागेला वळसा घालून निघून गेला.

तिला जरा हुशारी यावी म्हणून मी माझा नकाशा दाखवला. बायकांसाठी जाळीच्या भिंतीआड, एकेकटीनं बसायची सुबक दगडी आसनं. मावशीनं एका आसनावर बोट ठेवलं. "मना जोडे कोन बठी?" (माझ्याजवळ कोण बसेल?)

परतीच्या गाडीत मी आधी ती भिंत खोडली, मग आसनं. चितांसमोर दोघांचं बाकडं काढलं. नंदुरबारच्या अलीकडे फोन वाजला.

"पोऱ्या विचारे, साडी कुठे? सांगून टाकलं, तुझ्या बापाशेजारी बसून आले."

"चिडला?"

"जरासा. मग म्हणे, पुढच्या रविवारी मी येऊ का? म्हटलं, ये, पण लोचो तू आण."

फोन ठेवला आणि बाकडं आणखी लांब केलं.