नव्या मोडेमची ओळख

औरादच्या स्टँडसमोर माझं इंटरनेटचं दुकान होतं. त्या दिवशी नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख. पोरी बाकड्यावर खोळंबलेल्या आणि उदगीरहून आणलेला नवा मोडेम कॉम्प्युटरची मशीन काही केल्या ओळखेना. शेवटी मी मशीनच बंद करून पुन्हा चालू करायला निघालो.

भालकीच्या बसची वाट बघणारी एक बाई दारातूनच म्हणाली, "कामून बंद करायलाव? पाव्हणा दारात आलाय म्हणून घर पाडून बांधताव का?"

पदर खोचून ती खुर्चीत बसली आणि मोडेमचा नंबर तिनं मशीनलाच विचारला. "असले मोडेम चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, हाय की हितं. ह्या नव्या नंबराची वळख न्हाई त्याला, यवढंच."

बोलत होती मराठीत, पण नंबर टाकताना एकेक आकडा कानडीत पुटपुटत होती. सोन्ने, एंटू, ऐदू. मोडेमचा निळा दिवा लागला तशा बाकड्यावरच्या सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बस आली. पायरीवरून ती ओरडली, "मशीन बंद केली की इसरंल बघा. रोज सकाळी वळख सांगायची."

सगळे अर्ज वेळेत गेले. तिचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

पुढं एकानं सांगितलं, मशीन चालू होतानाच नंबर आपोआप टाकायची सोय करता येते. मी नको म्हणालो. रोज शटर वर केलं की मी तो हातानंच टाकायचो, तिच्यासारखा कानडीत पुटपुटत. दिवा लागायचा, आणि दर सकाळी मलाही त्या पोरींसारखं उठून उभं राहावंसं वाटायचं.