माझेपण गेले

हे मी घरात आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. जिला सांगायलाच हवं होतं, तिला सांगायला मला तीन वर्षं लागली. आता तुम्हाला सांगतेय — सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी अंधेरीतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले, बोनाफाईड, फीच्या पावत्या. माझ्या समोरच्या टेबलावर रेजिना बसायची. वीसेक वर्षं आम्ही अशा समोरासमोर. ती मरोळच्या गावठाणातली, आजोबा-पणजोबांपासून तिथलीच. मी चकाल्याला राहते, मूळची देवगडची. रेजिना केक फार सुंदर करायची. नाताळ, लग्नं, चर्चमधलं मुलांचं पहिलं कम्युनियन — ऑर्डरी यायच्या, पण घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच केक मावायचे. मोठा ओव्हन घ्यायचा, नोकरी सोडायची आणि घराच्या पुढच्या खोलीत बेकरी टाकायची, हे तिचं पक्कं ठरलेलं होतं. त्यासाठी ती वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकत होती.

आणि माझं? माझं काहीच ठरलेलं नव्हतं. दाखला कधी मिळेल, याखेरीज मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. लॉकडाऊननंतर मी फोनवर क्रिप्टोचे व्हिडिओ बघायला लागले. थोडे पैसे टाकले, वाढले. अजून टाकले. सकाळच्या चहाला एक भाव, डबा खाताना दुसरा — मधल्या चार तासांत माझा महिन्याचा पगार वर जाऊन खाली यायचा. भीती वाटायची नाही का? वाटायची. पण स्टाफरूममधले सर माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, मॅडम, आज मार्केट काय म्हणतंय? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याभोवती माणसं उभी राहत होती. मला पैशापेक्षा त्याची चटक लागली होती — आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

रेजिना सुरुवातीला हसायची. याने मैदा मिळतो का, एवढंच विचारायची. मी तिला समजावत राहिले. बँक नको, मध्ये कुणी साहेब नको, उद्या सगळीकडे हेच चालणार. यामागे कुणाची हमी नाही, बुडालं तर दाद मागायला दार नाही, हे मला ठाऊक होतं. ते मात्र मी तिला सांगितलं नाही. दोन महिने मागे लागून शेवटी मीच तिच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं आणि मी घेतलं होतं तेच नाणं तिला घ्यायला लावलं. ओव्हनचे होते नव्हते तेवढे सगळे पैसे त्यात गेले.

इथपर्यंतचं चूक म्हणून खपवता येईल. पुढचं नाही.

हेच नाणं घेतलेल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात मी होते, रेजिना नव्हती. एका मंगळवारी तिथे दोघातिघांनी लिहिलं, की अ‍ॅपवरून पैसे काढायला टाकलेत, अजून आले नाहीत. कुणीतरी लगेच उत्तर दिलं, घाबरू नका. ते वाचूनच मी घाबरले. जेवणाची सुट्टी होती. रेजिना समोर बसून तिच्या डब्यातली सुरमईची तुकडी माझ्या डब्यात वाढत होती. मी टेबलाखाली, डाव्या हातात फोन धरून, माझं सगळं विकून पैसे बँकेत काढायला टाकले. दोन मिनिटं लागली असतील. काय बघतेस गो, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, भाचीचा मेसेज आहे.

फक्त दोन शब्द बोलायचे होते — तूपण विक. का नाही बोलले? दुसऱ्या दिवशी भाव वर गेला असता तर रेजिना म्हणाली असती, तुझ्या सांगण्यावरून विकलं. मग मी जाणकार राहिले नसते. एवढंच. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. वेळ मिळाला नाही म्हणावं, तर बुधवार अख्खा होता. बुधवारी माझे पैसे नशिबाने बँकेत जमा झाले आणि मी गप्प बसले. गुरुवारी भाव निम्म्यावर आला. शुक्रवारी पैसे काढणंच बंद झालं. सोमवारी त्या नाण्याला कुणी विचारत नव्हतं.

सोमवारी रेजिना आली, पर्स ठेवली आणि उभ्यानेच म्हणाली, "तुझे?"

मी म्हणाले, "माझेपण गेले."

हे — हे सांगायला मी एवढं फिरून आले.

ती रडली नाही. माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. धीर तिने मला दिला. पुढे कित्येक महिने ती मला रिक्षाचे पैसे काढू देत नव्हती; तुझीपण वाट लागलीय, म्हणायची. माझ्यासाठी वेगळा डबा आणायची. माझे पैसे बँकेत जसेच्या तसे होते, आणि मी तिचा डबा खात होते. चवीने खात होते.

रेजिना मात्र थांबली नाही. त्याच लहान ओव्हनमध्ये दोन-दोन करत केक करत राहिली. भावजयीला हाताशी घेतलं, ऑर्डरी वाढल्या. या वर्षी तिने कुणीतरी विकायला काढलेला जुना मोठा ओव्हन घेतला आणि नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, सगळं गेलं तेव्हा मंजू सोबत होती, म्हणून मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता वाटलं, आता आपल्याच्याने हे पुढे रेटवणार नाही.

त्या रविवारी मी मरोळला गेले. ती बदाम सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, मंगळवारपासून. तिचे गेले होते तेवढ्याचा चेक नेला होता, तो पुढे केला. तिने तो बोटाने परत सरकवला.

"माझे पैसे मी घालवले," ती म्हणाली. "मला एवढंच सांग, विकलंस तेव्हा मी कुठे होते?"

"समोर. जेवत होतीस."

तिने पुढचा बदाम उचलला, सोलला. मग म्हणाली, "जा आता."

दीड महिना तिचा फोन नाही. मीही केला नाही — कोणत्या तोंडाने करणार? मग एका शुक्रवारी तिनेच केला. लग्नाची मोठी ऑर्डर आहे, भावजय आजारी आहे, खोके बांधायला हात कमी पडतात, उद्या येशील का. शनिवारी सकाळी दहाला मी पोचले. दिवसभर आम्ही कामापुरतंच बोललो. ओव्हनची धग, सगळीकडे लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास. दोन गिऱ्हाइकं दारात थांबलेली, तिला ताई म्हणत होती, आणि ती हिशोबाने पण हसून त्यांना उद्याचा वायदा देत होती. इतकी खूश मी तिला ऑफिसात कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी हात धुताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तुझा राग आहे, मंजू. तो जाईल की नाही, मला माहीत नाही."

मी हो म्हटलं.

"पुढच्या शनिवारी नऊला ये. आज तुला उशीर झाला."

मी साडेआठलाच गेले.