गल्लीखालचं घर

आमच्या मामांच्या घरी येणारा माणूस आधी त्यांच्या माळवदावर उभा राहायचा आणि मग विचारायचा, अण्णांचं घर कुठं आहे. मामा म्हणजे माझे सासरे. बीदरच्या कोटाच्या आत त्यांची जागा होती आणि घर गल्लीच्या खाली होतं. मातीचं सपाट माळवद, म्हणजे घराचं छतच, रस्त्याला लागून. बाजूच्या पायऱ्या उतरायच्या, वाकायचं आणि दारात शिरायचं. गावात सगळे त्यांना खड्डेवाले अण्णा म्हणत. त्यांना राग येत नसे. कुणी पत्ता विचारला तर तेच सांगायचे, "खड्डा विचारा, शेंबडं पोर पण दाखवंल."

जागा खाली कशी गेली, हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगायचे. बीदरची जमीन तांबड्या दगडाची. कापताना मऊ, वारा लागला की टणक. पहिला मालक पाथरवट होता, त्यानं आपल्याच अंगणातला दगड कापून विकला. मग रंगारी आला, त्यानं रंगाची कुंडं कोरली. त्याच्यामागं एक टांगेवाले चाचा. त्यांनी घोड्यासाठी मागची बाजू खोदली, पण घोडा काही पायऱ्या उतरेना, म्हणून तो जन्मभर गल्लीतच बांधला. इथं मामा दरवेळी हसायचे. शेवटी म्हणायचे, "निम्म्या गल्लीच्या भिंती माझ्या घरातून वर गेल्यात. मी खाली न्हाई, हे लोकच वर चढलेत." आज शिकलेली पोरं मला सांगतात, तिथं पूर्वी तळं असेल. तळं नव्हतं. मी त्या घरात जेवलोय.

तेव्हा निजामाचं राज्य. मी उर्दू दुसरीतून शाळा सोडून बीदरला अडतीवर वजनाला लागलो होतो. मामांची मुलगी मला पसंत पडली. भालकीकडच्या आमच्या गावातून बाप बोलणी करायला आला. मोठा फेटा, ताठ मान. माळवदावर उभा राहिला, पायऱ्यांकडं बघितलं, ते ठेंगणं दार बघितलं आणि तिथूनच मागं फिरला.

"पोरगी चांगली हाय," मला म्हणाला, "पण मुलाच्या बापानं मुलीच्या दारात मान वाकवून उतरायचं, हे आपल्यात चालत न्हाई. लग्न देवळात लावा म्हण."

मामांनी उलटा निरोप धाडला, पोरगी जिथं रांगली तिथंच तिच्यावर अक्षता पडतील. मी म्हटलं, दुसरी मुलगी बघणार नाही. तिघंही सारखेच. उन्हाळा तसाच गेला. तिच्या मैत्रिणी एकेक करून सासरी गेल्या आणि मी पोती मोजत बसलो.

मग एक दिवस मामांनी मला माळवदावर बोलावलं आणि पाय आपटून दाखवला. "मांडव इथं घालतो. ही पण माझीच जागा की. व्याह्यांनी रस्त्यावरून सरळ यावं. एक पायरी उतरायची न्हाई." बापानं त्यात खोट शोधली, त्याला सापडली नाही.

मामांनी खालून जागोजागी लाकडाचे धिरे दिले आणि लग्न माळवदावर लागलं. आमचं वऱ्हाड नाचणारं. खाली चुलीपाशी बसलेल्या मामी सारखा निरोप धाडत होत्या, हलगीवाल्याला जागेवर उभं राहा म्हणावं, वरणात माती पडायलीय. पंगत खाली बसली. बाप मात्र वरच जेवला. मामा स्वतः ताट घेऊन पायऱ्या चढत होते, उतरत होते. शेजाऱ्यांनी टोमणा मारला तर म्हणाले, "व्याही सगळ्यांच्याच डोक्यावर बसतोय. माझा खरंच बसलाय, एवढंच."

पुढं कितीतरी वर्षं असंच चाललं. बाप बीदरला यायचा, वरूनच खुशाली विचारायचा आणि जायचा.

निजामाचं राज्य जायच्या आधी खेड्यापाड्यांत जाळपोळ सुरू झाली. एका दुपारी बाप आईला आणि धाकट्या भावांना घेऊन गल्लीत येऊन उभा राहिला. हातात गाठोडं. हाक मारली नाही. मामा वर आले. मला वाटलं, आता मामा ऐकवणार. एवढ्या वर्षांचं साचलं होतं.

मामांनी गाठोडं घेतलं. "खाली चला व्याही. आज खालचीच जागा चांगली. रस्त्यावरून दिसत न्हाई."

बापानं फेटा उतरवून काखेत धरला आणि वाकून आत गेला.

दिवेलागणीला माळवदावरून कुणीतरी चालत गेलं आणि वरून माती भुरभुरली. बाप वर बघत म्हणाला, "लग्नात आम्ही असेच वाजलो असू न्हाई?"

"तुम्ही लई वाजलाव," मामा म्हणाले. "हलगीपरीस तुमच्या वहाणाच ऐकू येत होत्या."

बाप हसला. मामांसमोर तो हसलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

राज्य गेलं, गावाकडं निवलं, भावकीचं बोलावणं आलं. बाप निघेना. आज जातो, उद्या जातो करत शाळू पेरायची वेळ आली, तेव्हा कुठं गाडी जुंपली. मामा गल्लीपर्यंत सोडायला वर आले. गाडी वळली तरी बापानं फेटा बांधला नव्हता.