ती पालकाची पिशवी उघडू नका

मैत्रिणींनो, घाईघाईत लिहितेय.

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पाडलेल्या क्वार्टरांच्या रिकाम्या जागेवर आमची सगळी लाइन, म्हणजे एका ओळीतली घरं, मिळून भाजी लावते. जो भाजी काढेल त्याने इतरांच्या गेटला पिशवी अडकवायची, बेल वाजवून कुणाला उठवायचं नाही, ही पद्धत. आज सकाळी मी पालक काढला आणि चार गेटांना पिशव्या अडकवल्या.

दुपारी शेजारचे तिवारी अंकल धावत आले. कारखान्यातून रिटायर झालेले. "बेटा, पालक किसने काटा? लाल कपड़ा बाँधा था न मैंने! कल शाम ही दवा छिड़की है." दवा म्हणजे कीटकनाशक.

लाल कपडा मी पाहिला होता. वाटलं, पाखरांसाठी असेल. कारखान्यात लाल कपडा म्हणजे हात लावू नका, हे इथे सगळ्यांना माहीत. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, मला कोण सांगणार?

अनवाणीच पळाले. दोन पिशव्या फ्रिजमध्ये सापडल्या. तिसऱ्या घरी पालक चिरून तयार, आजींनी कढई तापत ठेवलेली. मी आधी गॅस बंद केला, मग बोलले.

चौथ्या गेटला कुलूप. तिथली रश्मी मुलांना घेऊन जवळच्याच अवधपुरी वस्तीत माहेरी गेलीय, पिशवीही घेऊन, असं आजी म्हणाल्या. फोन लागत नाही. माहेरचं घर नेमकं कुठलं, लाइनीत कुणालाच माहीत नाही.

अवधपुरीत तुमच्या शेजारी आज कुणाची लेक मुलांसह आलीय का? आत्ता जाऊन बेल वाजवा ना. सकाळी मी वाजवली नाही.