पिकअपचा गरम आरसा

आज धुकं पडलं आणि ओल्या फडक्याचा वास आठवला. जाऊबाईंचा भाऊ जुनी पिकअप विकत होता. पहाटेच्या धुक्यात भाजी न्यायची, म्हणून आम्हाला बटण दाबलं की तापून धुकं घालवणाऱ्या आरशांची गाडी हवी होती. “यात ती सोय न्हाई, बटनच न्हाई,” तो म्हणाला. मी मोठी शहाणी! भर दुपारी आरशाला तळहात लावला, तर चांगलाच गरम. “खोटारड्या, गाडी दुसऱ्याला द्यायचीय ना?” “अवो ताई, उनानं तापलाय त्यो!” ऐकते कोण? भांडून गाडी घेतली. दुसऱ्या पहाटे कोल्हारच्या बाजारापर्यंत खिडकीतून हात बाहेर काढून फडक्यानं आरसा पुसत गेले. परतले, तर जाऊबाई दारातच उभ्या. “तापला का आरसा?” धुकं पडलं की अजून फोन करून एवढंच विचारतात. “तुमच्या भावानं गाडी दिली, ऊन ठेवून घेतलं,” म्हणते आणि फोन बंद करते.